इंटिग्रेटिव्ह, होलिस्टिक थेरपी म्हणजे नक्की काय? मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या फोनवर बहुतेक जण हेच प्रश्न विचारतात आणि मी दर वेळी घाईघाईत अर्धवट उत्तरं देते, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलंय. क्रमाला फारसा अर्थ नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचलंत तरी चालेल.

तुम्ही स्वतःला इंटिग्रेटिव्ह थेरपिस्ट म्हणवता, ते काय असतं?

गाण्यात जशी घराणी असतात ना, तशी मानसोपचारातही आहेत. फ्रॉइडचं मनोविश्लेषण सगळ्यात जुनं, मग वागणूक बदलण्यावर भर देणारे वर्तनवादी आले, मग १९५०च्या आसपास कार्ल रॉजर्स आला आणि म्हणाला की समोरच्या माणसाला कुठलीही अट न घालता स्वीकारा, त्याचं नीट ऐका आणि स्वतः खोटं वागू नका. मग एलिस आणि बेक यांनी विचारांवर काम करणारी पद्धत आणली, तिलाच आता सगळे सीबीटी म्हणतात. या घराण्यांची आपसात बरीच वर्षं चांगलीच जुंपलेली होती. एकमेकांचं वाचायचं नाही, एकमेकांच्या कॉन्फरन्सला जायचं नाही, आणि पेशंट कुठल्या दारात गेला यावर त्याला काय मिळणार ते ठरायचं.

इंटिग्रेटिव्ह म्हणजे एकात्मिक. माणूस बघून पद्धत ठरवायची, पद्धतीच्या मापाने माणूस कापायचा नाही. यात गंमत म्हणजे हा बेक स्वतः मनोविश्लेषकच होता, डिप्रेशन म्हणजे आत वळलेला राग हे फ्रॉइडचं म्हणणं सिद्ध करायला त्याने पेशंटांची स्वप्नं तपासली आणि त्याला तिथे राग नाही, हरल्याच्या आणि काहीतरी गमावल्याच्या गोष्टीच जास्त सापडल्या, त्यातून पुढचं सगळं सुरू झालं. म्हणजे घराणी वेगळी दिसतात पण मूळं एकमेकांत गुंतलेलीच आहेत.

म्हणजे थोडं हे थोडं ते? एक ना धड भाराभर चिंध्या असं नाही का होत?

होतं. अगदी होतं. आणि हा प्रश्न विचारणाऱ्या क्लायंटचं मला कौतुक वाटतं. ज्या थेरपिस्टने दहा वीकएंड वर्कशॉप केलेत आणि दर आठवड्याला नवीन काहीतरी ट्राय करतोय, त्याला मी इंटिग्रेटिव्ह म्हणणार नाही, तो नुसता गोंधळलेला आहे.

फरक कशात आहे तर कारणात. मी आज तुमच्यासोबत श्वासावर काम का करतेय आणि मागच्या वेळी तुमच्या वडिलांबद्दल का बोललो, या दोन्हीला जोडणारा एक धागा माझ्याकडे असायला हवा आणि तुम्ही विचारलंत तर तो मला साध्या शब्दांत सांगता यायला हवा. आमच्या भाषेत त्याला फॉर्म्युलेशन म्हणतात, मी क्लायंटशी बोलताना नकाशा म्हणते. तुमचा त्रास कुठून सुरू झाला असेल, आज तो कशामुळे टिकून आहे, तुम्हाला काय सावरून धरतंय, हे सगळं त्यात येतं. नकाशा तिसऱ्या-चौथ्या सेशनपर्यंत कागदावर उतरतो, तो तुम्हाला दाखवते, तुम्ही त्यात खाडाखोड करायची. पद्धती त्यानंतर ठरतात.

तसं एकत्र आणायचे रस्तेही वेगवेगळे आहेत. काही जण सिद्धांताच्या भानगडीत न पडता उपयोगी तंत्रं उचलतात, आर्नल्ड लॅझरस हा त्यातला मोठा माणूस, तो वागणूक, भावना, शरीराच्या संवेदना, मनातली चित्रं, विचार, नाती आणि शारीरिक तब्येत अशा सात बाजूंनी माणसाकडे बघायचा. काही जण दोन सिद्धांत खरोखर जोडतात, पॉल वाख्टेलने १९७७ मधे मनोविश्लेषण आणि वर्तनोपचार असे जोडले. काही जण एका घरात पक्के राहून बाकीच्यांकडून उसनं आणतात. मी या तिसऱ्या प्रकारची, नात्यांमधून घडणारं मन हे माझं घर, बाकी सगळं उसनं, पण नीट शिकून आणलेलं.

आणि 'होलिस्टिक'? स्फटिक, ऑरा, ऊर्जा वगैरे?

नाही हो. या शब्दाचं जे झालंय त्याचं मलाच वाईट वाटतं, आता साबणावर पण होलिस्टिक लिहिलेलं असतं.

माझ्या दृष्टीने समग्र म्हणजे एवढंच, की मन हे शरीरापासून, झोपेपासून, कामाच्या तासांपासून, घरातल्या माणसांपासून आणि खिशातल्या पैशांपासून सुटं काढून दुरुस्त करता येत नाही. जॉर्ज एंगल नावाच्या डॉक्टरने १९७७ साली हे वैद्यकातच मांडलं, आजाराकडे जैविक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही बाजूंनी बघा म्हणून. तुमचा बॉस तुम्हाला रात्री अकरा वाजता मेसेज करत असेल तर ती तुमच्या 'विचारपद्धतीतली चूक' नाहीये, आणि मी तुम्हाला त्यावर नुसता सकारात्मक विचार करायला शिकवलं तर तो तुमच्यावर अन्यायच.

आणि हो, नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असंही नाही. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती उदासीवर घेतली जाते, पण ती गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते आणि डिप्रेशनच्या काही औषधांसोबत घेतली तर मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. म्हणून मी पहिल्याच भेटीत विचारते की काय काय घेताय, पुड्या, काढे, सप्लिमेंट सगळं सांगा, लाजू नका.

पहिल्या सेशनला काय होतं? मला रडू आलं तर?

रडू आलं तर रडायचं, टिश्यूचा बॉक्स त्यासाठीच आहे. नाही आलं तरी काही बिघडत नाही, काही लोकांना वाटतं की रडलो नाही म्हणजे सेशन वाया गेलं, तसं नसतं.

साधारण पन्नास मिनिटं असतात. आता कशासाठी आलात, आताच का आलात (हा प्रश्न फार महत्त्वाचा, त्रास पाच वर्षं जुना असतो पण फोन मागच्या मंगळवारी केलेला असतो, मंगळवारी काय झालं?), झोप, भूक, औषधं, दारू-सिगारेट, आधीचे उपचार, घरी कोण कोण आहे, आणि जीव नकोसा झाल्याचे विचार येतात का हे मी सरळ विचारते. सरळ विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात ही समजूत चुकीची आहे, उलट कुणीतरी एकदाचं विचारलं म्हणून लोक सुटकेचा श्वास सोडतात.

तुम्हीही मला प्रश्न विचारा. शिक्षण काय, सुपरव्हिजन (म्हणजे आपल्या कामावर अनुभवी थेरपिस्टचा सल्ला) घेता का, माझ्यासारखे लोक आधी बघितलेत का. थेरपिस्टला याचा राग आला तर ती पण माहितीच आहे.

नक्की कोणत्या पद्धती वापरता?

यादी देते पण यादीवर जाऊ नका.

विचार आणि वागणुकीवर काम करायचं असेल तर सीबीटी आणि तिची भावंडं. डिप्रेशनमधे बऱ्याचदा मी विचारांना हात न लावता आधी हालचालीपासून सुरू करते, म्हणजे मूड सुधारला की करीन असं न म्हणता आधी थोडं करायचं आणि मूडला मागून येऊ द्यायचं. नील जेकबसनच्या १९९६ च्या अभ्यासात असं दिसलं की सीबीटीतला एवढाच एक भाग वेगळा काढून दिला तरी लोकांना पूर्ण सीबीटीइतकाच फायदा होत होता. हे मला फार आवडतं कारण जो माणूस अंथरुणातून उठू शकत नाही त्याला विचारांचा तक्ता भरायला सांगणं जरा क्रूरच आहे.

भावना अडकल्या असतील तर गेस्टाल्ट नावाच्या घराण्यातून आलेलं रिकाम्या खुर्चीचं काम. समोर खुर्ची ठेवायची, त्यावर तो माणूस बसलाय असं समजून बोलायचं, मग उठून त्याच्या जागी बसून उत्तर द्यायचं. ऐकायला नाटकी वाटतं, पहिल्यांदा सगळे हसतात, आणि दुसऱ्या मिनिटाला आवाज बदलतो.

ट्रॉमासाठी, म्हणजे मनावर झालेल्या मोठ्या आघातासाठी, ईएमडीआर, फ्रान्सिन शपिरोने १९८०च्या दशकाच्या शेवटी सुरू केलेली पद्धत, ती आठवण मनात आणून डोळे इकडून तिकडे हलवायचे. पीटीएसडीमधे (आघातानंतर मागे राहणाऱ्या आजारात) तिचा फायदा होतो हे बऱ्यापैकी पक्कं आहे, पण डोळे इकडून तिकडे हलवण्याचाच तो फायदा की त्या आठवणीला सुरक्षित जागी पुन्हा भेटण्याचा, यावर अजून वाद आहे, हे मी क्लायंटला आधीच सांगून टाकते. भावनांचे लोंढे येत असतील, स्वतःला इजा करायची सवय असेल तर मार्शा लिनेहनच्या डीबीटी या पद्धतीतली भावना सांभाळायची कौशल्यं. आणि नात्यांमधे तेच तेच होत असेल तर त्यावर सावकाश, खोल काम, ते कुठल्या तंत्रात बसत नाही.

उदाहरण देऊन सांगा ना.

सांगते, पण हे कुणा एकाचं नाही, अनेकांचे तुकडे जोडून बनवलंय.

समजा एक बाई येते, पस्तिशीची, छातीत धडधड, रात्री तीनला जाग, डॉक्टरांनी हृदय ठणठणीत आहे म्हणून सांगितलंय. ती म्हणते मला पॅनिक अटॅकवर टेक्निक द्या, बाकी माझं सगळं छान आहे. ठीक, तर टेक्निकपासूनच सुरू करायचं. पॅनिकमधे काय होतं की धडधड होते, त्याचा अर्थ आपण 'आता मी मरणार' असा लावतो, त्या अर्थाने अजून धडधड होते. मग मी तिला खोलीतच मुद्दाम जोरात श्वास घ्यायला लावते किंवा जागच्या जागी उड्या मारायला लावते, तीच धडधड आणते आणि ती आपोआप उतरताना तिला बघू देते. हे झालं शुद्ध वर्तनवादी काम. पाच-सहा आठवड्यांत अटॅक बरेच कमी होतात.

इथे थांबलं तरी चालतं, बरेच जण थांबतात आणि मी अडवत नाही.

पण ती जाता जाता म्हणते, तीनची जाग काही जात नाही. मग नकाशाकडे परत. ही बाई कुणाकडे काही मागत नाही. ऑफिसात नाही, घरी नाही. लहानपणी घरात कुणीतरी सतत आजारी, हिने शहाणं राहायचं आणि त्रास द्यायचा नाही, हे ती सात वर्षांची असताना शिकली, आणि तेव्हा ते शहाणपणच होतं. आज मात्र ती मागत नाही म्हणून लोकांना वाटतं हिला गरज नाही, म्हणून कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारत नाही म्हणून तिची खात्री पक्की होते की मागून उपयोग नाही. वाख्टेल नेमकं हेच सांगत होता, जुनी जखम भूतकाळात पडून राहिलेली नसते, आपण रोजच्या वागण्यातून तिला नवीन पुरावे गोळा करून देत असतो.

म्हणजे काम दोन्हीकडे. मागची समज यायला हवी आणि या आठवड्यात एका माणसाकडे एक छोटी गोष्ट मागून पण बघायला हवी. नुसती समज असेल तर ती सुंदर बोलेल पण वागेल तशीच, आणि नुसता सराव दिला तर ती एकदा मागेल, अपराधी वाटेल आणि सोडून देईल. आणि तिसरी जागा म्हणजे माझी खोली, कारण ती माझ्याकडेही काही मागत नाही, सेशनची वेळ तिला गैरसोयीची असते आणि ती चार महिने बोलत नाही! ज्या दिवशी ती म्हणते 'मला ही वेळ जमत नाहीये' त्या दिवशी मला आतून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

शरीरावर पण काम करता म्हणे. हात लावता का?

नाही, मी स्पर्श वापरत नाही. लक्ष मात्र शरीराकडे असतं. तुम्ही हसत हसत काहीतरी भयंकर सांगत असता आणि मूठ आवळलेली असते, मी विचारते मूठ काय म्हणतेय.

श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांबवला की शरीराची शांत करणारी यंत्रणा जागी होते, हे सोपं आणि फुकट आहे. पण शरीराचं काम म्हणजे सरसकट रिलॅक्स व्हा असंही नाही, इथेच लोक चुकतात. ज्यांना रक्त किंवा सुई बघून चक्कर येते त्यांचं बीपी आधी वर जातं आणि मग एकदम खाली पडतं, त्यांना रिलॅक्स करायला सांगितलं तर ते अजून लवकर कोसळतील. त्यांना उलटं शिकवायचं, हातापायाचे स्नायू ताणा, बीपी वर ठेवा. स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्टने हे बसवलं. एकच श्वासाचं औषध सगळ्यांना देणारा होलिस्टिक नव्हे.

झोपेचंही तसंच. अंधार करा, मोबाइल बाजूला ठेवा या टिपांनी जुना निद्रानाश सहसा जात नाही. त्यासाठीच्या सीबीटीमधे उलट अंथरुणातला वेळ कमी करतात, म्हणजे पाचच तास झोप लागत असेल तर सुरुवातीला जवळपास तेवढाच वेळ अंथरुणात. पहिला आठवडा लोक मला शिव्या घालतात. पण बायपोलर (मूड कधी फार खाली तर कधी फार वर जाण्याचा आजार) असेल तर हे करायचं नाही, झोप कमी झाल्याने मेनिया, म्हणजे मूड बेफाम वर जाणं, उसळू शकतो, आता कळलं असेल मी पहिल्या भेटीत एवढं खोदून का विचारते.

माझी औषधं चालू आहेत. थेरपी सुरू केली की बंद करता येतील ना?

तो निर्णय तुमचा आणि तुमच्या सायकियाट्रिस्टचा, माझा नाही. मी औषधं देत नाही, बंद करायलाही सांगत नाही. डिप्रेशनची औषधं एकदम थांबवली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखे झटके असलं काय काय होतं आणि माणसाला वाटतं आजार परत आला, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळूच.

कधीकधी मीच सांगते की सायकियाट्रिस्टकडे जाऊन या. बुडणाऱ्याला पोहण्याचा क्लास लावून उपयोग नाही, आधी वर काढायला हवं, आणि औषधांनाही परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात तेव्हा जितकं लवकर तितकं बरं. तसंच फिजिशियनकडेही पाठवते. थायरॉइड मंदावलं तर हुबेहूब डिप्रेशन, वाढलं तर हुबेहूब अँक्झायटी, बी-१२ किंवा हिमोग्लोबिन कमी, झोपेत श्वास अडकणं, हे सगळं मनाचा मुखवटा घालून येतं. एका क्लायंटच्या 'आळशीपणा'वर आम्ही दोघी किती आठवडे डोकं फोडत होतो आणि निघाला थायरॉइड. तेव्हापासून आधी रिपोर्ट, मग बालपण.

बालपण उकरावंच लागतं का?

नाही. एखाद्या ठराविक भीतीसाठी, समजा कुत्र्याच्या किंवा कोळ्याच्या, बालपण अजिबात लागत नाही. याच ओस्टने तीन तासांच्या एकाच लांब सेशनमधे अशा भीतीवर उपचार करून दाखवले.

आणि ट्रॉमा असेल तर 'सगळं एकदा ओकून टाका म्हणजे मोकळं वाटेल' हेही खरं नाही. अपघातानंतर लगेच सगळ्यांना बसवून सगळं बोलायला लावायची एक पद्धत पूर्वी फार चालायची, नंतरच्या तपासणीत दिसलं की तिने पीटीएसडी टळत नाही, काहींचं उलट बिघडतं. आधी पाय जमिनीवर, मग आठवण, आणि गती तुम्ही ठरवायची.

याला संशोधनाचा आधार आहे की तुमचा अनुभव?

दोन्ही, आणि दोन्हींवर आंधळा विश्वास नको.

१९३६ मधे सोल रोझेनझ्वाइगने एक छोटासा लेख लिहिला, की सगळ्या थेरप्या वेगवेगळं बोलतात आणि तरी सगळ्यांची माणसं बरी होतात, म्हणजे त्यांच्यात काहीतरी समान असणार. त्याने 'ॲलिस इन वंडरलँड'च्या गोष्टीतल्या डोडो पक्ष्याचा दाखला दिला, शर्यत संपल्यावर जो म्हणतो सगळेच जिंकले, सगळ्यांना बक्षीस. १९७५ मधे लुबोर्स्की नावाच्या संशोधकाने आणि मंडळींनी तोवरचे अभ्यास तपासून साधारण तेच म्हटलं. समान गोष्टींमधली एक तर पक्की, थेरपिस्ट आणि क्लायंटचं नातं. एडवर्ड बोर्डिनने १९७९ मधे त्याचे तीन भाग सांगितले, कुठे जायचंय यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपसातला जिव्हाळा. लोकांना फक्त तिसरं आठवतं. नुसता जिव्हाळा असेल तर वर्षभर गप्पा होतील आणि दोघांनाही छान वाटेल.

पण डोडोचं ऐकून 'काहीही करा, सारखंच' असं म्हणणारे थेरपिस्ट मला पटत नाहीत. ओसीडी घ्या, म्हणजे नको ते विचार परत परत येण्याचा आणि त्यापायी तेच तेच करत राहण्याचा आजार. 'गॅस बंद केला असेल ना मी?' असं विचारणाऱ्याला मी प्रेमाने 'हो, केला असशील' म्हटलं तर त्या क्षणी त्याला बरं वाटतं आणि आजार एक घास अजून खातो, कारण खात्री मागणं हाच त्याचा एक विधी असतो. तिथे लागतं ते भीतीला सामोरं जाणं आणि विधी न करणं. इथे माझी सगळी सहानुभूती चुकीच्या ठिकाणी वापरली तर ती नुकसान करते. नातं पाया आहे हो, पण पायावर राहता येत नाही, वर घर बांधावं लागतं.

किती सेशन लागतील?

हॉवर्ड आणि सहकाऱ्यांचा १९८६ चा एक जुना, सारखा उल्लेखला जाणारा हिशोब आहे: आठ सेशनच्या आसपास साधारण निम्म्या लोकांना फरक जाणवतो, सव्वीसच्या आसपास पाऊणशे टक्क्यांना. सरासरी आहे ती, तुमचा आकडा नाही. मी सहा सेशनचा पहिला टप्पा ठरवते आणि सहाव्याला आपण दोघं बसून बघतो, चालू ठेवायचं, बदलायचं की थांबायचं.

फरक पडतोय हे कळणार कसं? मला तर दर सेशननंतर बरंच वाटतं.

सेशननंतर बरं वाटणं आणि आयुष्यात बरं होणं वेगळं. म्हणून मी थोडी मोजणी करते, डिप्रेशनसाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ (० ते २७ गुण) आणि अँक्झायटीसाठी सात प्रश्नांची जीएडी-७ (० ते २१), भरायला पाच मिनिटं पण लागत नाहीत. आकड्यात सगळं येत नाही हे मान्य, पण आकडा तीन महिने हललाच नाही आणि मी 'आपलं छान चाललंय' म्हणत असेन तर कुणीतरी मला जागं करायला हवं ना.

आणि छोट्या गोष्टी बघा. फोन वाजला की पोटात गोळा येतो का अजून? भांडण झाल्यावर किती तास लागतात सावरायला, आधी दोन दिवस लागायचे आता संध्याकाळपर्यंत होतं, हा मोठा फरक आहे.

आधी थेरपी केलीये, काही झालं नाही. परत का करू?

करायलाच हवी असं नाही. पण 'काही झालं नाही' म्हणजे काय ते एकदा सांगा. ती व्यक्ती जमली नाही, की पद्धत जमली नाही, की चौथ्या सेशनला नेमका विषय निघाला आणि तुम्ही जाणं बंद केलं? हे शेवटचं फार जणांचं असतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी स्वतः क्लायंट म्हणून एकदा अशी मधेच पळाले होते, कारण थेरपिस्ट सारखं घड्याळ बघायची आणि मला ते बोलून दाखवायची हिंमत झाली नाही.

आणि तुमचाच राग आला तर?

सांगायचं. प्लीज सांगायचं. मी चुकीचं समजते, कधी उपदेश करते, एकदा तर एका क्लायंटच्या बहिणीचं नाव चुकवलं आणि तिला वाटलं मी ऐकतच नाही. जेरेमी सॅफ्रन या मानसशास्त्रज्ञाचं बरंच काम याच विषयावर होतं, थेरपीतलं नातं कुठे तुटतं आणि परत कसं सांधतं. ज्यांच्या आयुष्यात भांडण म्हणजे कायमचा अबोला असंच झालंय त्यांनी कुणाशी तरी भांडून, ते मिटवून, पुढच्या आठवड्यात परत येणं ही मला तर कुठल्याही तक्त्यापेक्षा मोठी थेरपी वाटते.

होमवर्क असतो का? मी शाळेतही करायचो नाही.

असतो, पण छोटा, आणि नाही केलात तर ओरडा बसत नाही, 'का नाही झाला' यात बरंच सापडतं. कधी निरीक्षण, कधी एखादं धाडस, कधी लिहिणं. पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाच्या १९८६ च्या प्रयोगात लोकांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातलं कठीण काही लिहिलं होतं, मी तशीच मर्यादा घालते, नाहीतर काही जण तासन्‌तास लिहीत बसतात आणि ते लिहिणं राहत नाही, उगाळणं होतं.

ध्यान करायला लावाल का? माझा देवाधर्मावर विश्वास नाही. (किंवा: आहे!)

दोन्हीही चालेल. तुमची श्रद्धा तुम्हाला बळ देत असेल तर ती नकाशात येते, नसेल तर मी ती आणत नाही.

ध्यानाचं म्हणाल तर जॉन कबात-झिनने १९७९ मधे मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठात दीर्घ दुखणी असलेल्या पेशंटांसाठी काही आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, तिथून माइंडफुलनेस (आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष देणं) दवाखान्यात आलं. परत परत डिप्रेशन येणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. पण डोळे मिटून आत बघणं सगळ्यांना झेपत नाही, ट्रॉमा असलेल्या काहींना डोळे मिटले की नेमकं तेच दिसतं, त्यांच्यासोबत मी डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीला टेकवून, खोलीतल्या निळ्या वस्तू मोजायचं वगैरे करते. सायकोसिसचा (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा) इतिहास असेल तर लांब मौन शिबिरं टाळा असंच सांगेन.

मैत्रिणीशी बोललं तर काय वेगळं?

मैत्रीण तुमची बाजू घेते, घ्यायलाच हवी. मी तुमच्या नवऱ्याची पण बाजू समजून घेईन, याचा कधीकधी तुम्हाला राग येईल. शिवाय मैत्रिणीचंही तुम्हाला ऐकावं लागतं, इथे तो हिशोब नाही. पण मैत्रिणी सोडू नका, मी त्यांच्याऐवजी नाही.

मी सांगितलेलं कुठे जाईल?

कुठे नाही, काही अपवाद सोडून. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला तातडीचा धोका, लहान मुलावर अत्याचार, किंवा कोर्टाचा आदेश. नियम जागेप्रमाणे थोडे बदलतात म्हणून पहिल्या भेटीत लेखी देते आणि तोंडीही सांगते. सुपरव्हिजनमधे मी केसवर बोलते, ओळख पटेल असं काही न सांगता. घरच्यांनी फोन करून 'कशी आहे ती' विचारलं तर मी ती माझ्याकडे येते हेही कबूल करत नाही, बरेच वडील यावर माझ्यावर भडकलेत.

ऑनलाइन चालतं का?

बऱ्याच गोष्टींसाठी हो. अडचण बहुतेक वेळा इंटरनेटची नसते, बंद दाराची असते. गाडीत बसून सेशन घेणारे खूप जण आहेत, गाडी उभी हवी एवढंच. खूप तुटल्यासारखं होत असेल, भान हरपत असेल तर प्रत्यक्षच भेटूया.

तुम्ही कुणाला नाही म्हणता का?

हो. दारूचं किंवा कशाचं व्यसन इतकं असेल की सोडताना शरीराला धोका आहे, तर आधी वैद्यकीय मदत, दारू अचानक सोडल्याने फिट येऊ शकते. खाण्याच्या आजारात वजन फार उतरलं असेल तर एकटी मी पुरणार नाही, टीम लागते. घरात मारहाण चालू असेल तर जोडप्याला एकत्र बसवत नाही, कारण इथे खरं बोललेल्याची किंमत घरी गेल्यावर वसूल होते. आणि लहान मुलांसोबत मी काम करत नाही, ते वेगळं शिक्षण आहे आणि माझ्याकडे ते नाही. आत्ता या क्षणी जीव द्यायच्या विचारात असाल तर माझ्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, जवळच्या माणसाला उठवा आणि हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा किंवा तुमच्याकडच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा.

थेरपी संपते कशी? तुम्ही सांगता का की आता बरे झालात?

बहुतेकदा क्लायंटलाच कळतं, आज बोलायला काही नाहीये असं सलग दोन-तीनदा होतं. मग आपण सेशनमधलं अंतर वाढवतो, पंधरा दिवसांनी, महिन्याने. मेसेज करून संपवू नका एवढी एक विनंती असते, शेवटचं सेशन घ्याच, कारण फार कमी लोकांना आयुष्यात नीट निरोप घ्यायला मिळालेला असतो. त्या दिवशी नकाशाचा पहिला कागद काढून बघतो. अँथनी रायल नावाच्या डॉक्टरच्या थेरपी पद्धतीत थेरपिस्ट आणि क्लायंट शेवटी एकमेकांना पत्र लिहितात, मी ते उचललंय, कुणाला लिहायचं नसेल तर नुसतं बोलतो.

आणि परत यायचं असेल तर या. सहा महिन्यांनी दोन सेशनपुरते येणारेही आहेत, पहिल्यापासून सगळं सांगावं लागत नाही, फाइल असते माझ्याकडे.